पिंग्याव : तटबंदीतलं सराफांचं शहर पायी, सावकाश आणि क्रमानं कसं पाहावं

चीनमध्ये 'प्राचीन नगर' अशी पाटी लावलेली ठिकाणं पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भिंती, कमानी आणि दुकानांच्या ओळी अलीकडच्या काळात नव्यानं बांधलेल्या असतात. शान्शी प्रांतातल्याच दातोंग शहराची तटबंदी २००८ नंतर मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभी केली गेली. त्याच प्रांताच्या मध्यभागी असलेलं पिंग्याव मात्र वेगळं आहे. इथे भिंत जुनी आहे, भिंतीच्या आतल्या गल्ल्या जुन्या आहेत, चौकांची सुमारे चार हजार घरं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांत अजून माणसं राहतात. युनेस्कोनं १९९७ मध्ये हे सगळं नगर जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, ते बाहेरच्या दोन मंदिरांसकट. ही दोन मंदिरं लक्षात ठेवा. बहुतेक प्रवासी ती टाळतात, आणि माझ्या मते पिंग्यावमधलं सर्वोत्तम तिथेच आहे.

हे गाव टिकलं कसं, ते जाण्याआधी माहीत असावं, कारण समोर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ त्यातून लागतो. एकोणिसाव्या शतकात पिंग्याव चीनच्या पैशाच्या व्यवहाराचं केंद्र होतं. इथल्या पेढ्या देशभर रकमा फिरवत होत्या, आणि त्या नफ्यातून ही घरं उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेढ्या बुडाल्या, पैसा आटला, आणि पाडून नवं बांधण्याची ऐपतच कुणाकडे उरली नाही. गरिबीनं घरं राखली. पुढे १९८०च्या सुमाराला विकासाचा आराखडा आला, रुंद रस्त्यांसाठी पाडापाडी सुरूही झाली. तेव्हा शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले नगररचनाकार र्वान यीसान विद्यार्थ्यांना घेऊन इथे आले. त्यांनी जुनं नगर जसंच्या तसं ठेवून नवी वस्ती भिंतीबाहेर वाढवायचा पर्यायी आराखडा केला आणि बीजिंगच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन तो मान्य करून घेतला. आज तुम्ही ज्या रस्त्यांवरून चालाल, ते त्या आराखड्यामुळे शिल्लक आहेत.

आधी वेळ ठरवा

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. शान्शीचं हवामान कोरडं आहे, वसंतात धूळ उडते, पण चालायला हवा छान असते. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. मुंबई-पुण्याच्या माणसाला ती थंडी पेलायची तर कपड्यांची खरी तयारी हवी. मात्र चिनी नववर्षाच्या दिवसांत लाल कंदील, ढोल आणि मिरवणुका यांनी गाव फुलतं, त्यासाठी थंडी सोसणारेही असतात.

दोन काळ मात्र कटाक्षानं टाळा : १ मेच्या आसपासची सुट्टी आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा. चीनभरची कुटुंबं तेव्हा एकाच वेळी बाहेर पडतात. गावातल्या मुख्य दक्षिण रस्त्यावर गर्दी जिकडे नेईल तिकडे जावं लागतं आणि खोल्यांचे भाव चढतात. सप्टेंबरमध्ये छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. तो २००१ पासून सुरू आहे आणि जुन्या कारखान्यांच्या इमारतींतही प्रदर्शनं लागतात. फोटोग्राफीची आवड असेल तर त्या तारखा मुद्दाम साधाव्यात, फक्त खोली फार आधी घ्यावी.

किती दिवस? दोन रात्री. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला फक्त दुकानं दिसतात. गटांच्या बसगाड्या साधारण सकाळी साडेनऊनंतर येतात आणि संध्याकाळी जातात. त्यांच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास हेच खरं पिंग्याव, आणि ते गावात मुक्काम करणाऱ्यालाच मिळतं.

व्हिसा आणि फोन

भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये पर्यटनासाठी व्हिसा लागतोच. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पासपोर्ट व्हिसा केंद्रात द्यायचा. मुंबईत चीनचा वाणिज्य दूतावास आहे, तरी आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते आधी पाहून घ्या. जाण्या-येण्याची तिकिटं आणि हॉटेलांची आरक्षणं अर्जासोबत लागतात, म्हणून रद्द करता येणारी आरक्षणं करावीत. २०२५च्या अखेरीपासून भारत आणि चीन यांच्यात थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत. नाहीतर हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जाता येतं.

अमेरिकेचा किंवा अशा काही देशांचा पासपोर्ट असलेल्या मराठी वाचकांसाठी एक इशारा. तिसऱ्या देशात जाताना मिळणारी २४० तासांची व्हिसामुक्त सवलत ठरावीक विमानतळांपुरती आणि ठरावीक भागांपुरतीच असते. पिंग्याव प्रशासकीयदृष्ट्या जिनचोंग विभागात येतं, प्रांताची राजधानी ताइयुआनमध्ये नाही. तेव्हा त्या सवलतीच्या यादीत जिनचोंग आहे की नाही हे तपासल्याशिवाय बेत आखू नका.

निघण्याआधी घरी बसून फोन तयार करा. हे काम चीनमध्ये उतरल्यावर करणं अवघड जातं. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिथल्या नेटवर चालत नाहीत. भारतीय किंवा इतर परदेशी सिमचं रोमिंग घेतलं तर सहसा चालतात, म्हणून रोमिंग पॅक घेणं सगळ्यात सोपं. पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅट यांपैकी निदान एक ॲप उतरवून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा, पासपोर्टची पडताळणी पूर्ण करा आणि बँकेला परदेशी व्यवहार चालू ठेवायला सांगा. चहाच्या टपरीपासून मंदिराच्या खिडकीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड असतो. थोडी रोख मात्र जवळ ठेवा, सुट्ट्या नोटांसकट. नकाशासाठी आमॅप आणि भाषांतराचं कुठलंही ॲप चिनी भाषेच्या संचासकट आधीच उतरवून घ्या. मंदिरातल्या पाट्यांवर कॅमेरा धरून वाचायला ते फार उपयोगी पडतं.

पोहोचणं

पिंग्यावला दोन रेल्वे स्टेशनं आहेत आणि इथेच लोक गोंधळतात. 'पिंग्याव' हे जुन्या मार्गावरचं स्टेशन, तटबंदीपासून चालत जाण्याजोगं. 'पिंग्याव कूछंग' म्हणजे वेगवान गाड्यांचं स्टेशन, गावापासून काही किलोमीटर दूर. तिथून बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. २०१४ मध्ये ताइयुआन-शिआन वेगवान मार्ग सुरू झाल्यापासून बहुतेक प्रवासी दुसऱ्याच स्टेशनवर उतरतात. ताइयुआनहून पाऊण तासाच्या आसपास, शिआनहून सुमारे तीन तास आणि बीजिंगहून चार तासांच्या आसपास लागतात. शिआनचं मातीच्या पुतळ्यांचं सैन्य आणि बीजिंग असा बेत असेल तर पिंग्याव बरोबर वाटेवर येतं, आणि मला हीच मांडणी सर्वांत चांगली वाटते.

तिकीट चिनी रेल्वेच्या अधिकृत ॲपवरून काढता येतं. ते साधारण १५ दिवस आधी खुलं होतं. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकातून परदेशी पासपोर्ट गेला नाही तर बाजूला कर्मचारी असलेल्या फाटकाकडे जा. सुरक्षा तपासणी असते, म्हणून गाडीच्या पाऊण तास आधी पोहोचा. बॅगेतली कात्री, चाकू, मोठे स्प्रे काढून घेतले जातात.

मुक्काम भिंतीच्या आत

जुन्या वाड्यांतून आज अतिथिगृहं चालतात. रस्त्याकडे कोरी भिंत आणि एक दार, आत शिरलं की लांबट अंगण. अंगणाच्या टोकाशी मुख्य घर विटांच्या कमानींचं असतं, डोंगरात कोरलेल्या गुहेसारख्या घुमटी खोल्यांचं. मातीच्या टेकड्यांत घरं कोरून राहणाऱ्या या प्रदेशानं सपाटीवर आल्यावरही तोच आकार विटांत बांधला. अशा खोल्या हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहतात. भिंतीला लागून विटांचा मोठा ओटा असतो, खाली विस्तव घालून तापवायचा. त्याला खांग म्हणतात. आता बहुधा वीज किंवा वाफ असते, पण झोपायचं त्यावरच. गादी पातळ असते, कंबरदुखी असेल तर आधी विचारून घ्या.

खोली ठरवताना दोन गोष्टी विचारा : परदेशी पाहुण्यांची नोंद ते करतात का, आणि जवळचं दार कोणतं. गावात मोटारींना बंदी आहे, सामान ओढत दगडी रस्त्यावरून जावं लागतं. बरेच मालक छोटी विजेची गाडी दारापर्यंत पाठवतात. मुख्य चौकापासून दोन-तीन गल्ल्या आत राहिलात तर रात्री शांतता मिळेल.

तिकीट

गावात शिरायला पैसे लागत नाहीत. तटबंदी, पेढ्या, कचेरी आणि मंदिरं यांसाठी एकच एकत्रित तिकीट आहे. गेली काही वर्षं त्याची किंमत १२५ युआन आहे आणि ते तीन दिवस चालतं. दरवेळी दाखवावं लागतं, शिवाय पासपोर्टशी जोडलेलं असतं, तेव्हा पासपोर्ट खोलीत ठेवून निघू नका. ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थ्यांच्या सवलतीबद्दल खिडकीवर विचारा. बाहेरच्या दोन मंदिरांचं तिकीट वेगळं.

तिकिटात वीसेक जागा येतात. सगळ्या पाहायच्या नादाला लागू नका. एकामागून एक अंगणं पाहून तिसऱ्या तासाला सगळी सारखीच दिसू लागतात. मी खाली जो क्रम देतोय तो निवडक आहे.

पहिली सकाळ : भिंत

भिंतीपासून सुरुवात करण्याचं कारण असं की वरून गावाचा आराखडा दिसतो आणि मग खाली आपण हरवत नाही. आजची तटबंदी मिंग राजवटीतली, १३७० सालची. आत ठोकून घट्ट केलेली माती, बाहेरून विटांचं अस्तर. घेर सहा किलोमीटरांहून थोडा जास्त, उंची जागेनुसार दहा-बारा मीटर. वर ठरावीक अंतरानं पुढे आलेले बुरूज आणि त्यांवर पहाऱ्याच्या चौक्या आहेत. परंपरा सांगते की चौक्या ७२ आणि तटाचे कंगोरे ३०००, कारण कन्फ्यूशसचे थोर शिष्य ७२ आणि एकूण शिष्य ३०००. लष्करी बांधकामातही शिक्षण मिरवायचं, हा इथला स्वभाव.

गावकरी पिंग्यावला कासव म्हणतात. दक्षिण दार हे डोकं, त्याच्या बाहेरच्या दोन विहिरी म्हणजे डोळे, उत्तर दार शेपूट, आणि पूर्व-पश्चिमेची दोन-दोन दारं म्हणजे चार पाय. अशी सहा दारं. प्रत्येक दाराबाहेर आणखी एक भिंतींनी वेढलेला चौक आहे. शत्रू पहिलं दार फोडून आत आला की या चौकात चारी बाजूंनी अडकायचा. पूर्वेकडच्या एका दाराचा बाहेरचा चौक सरळ पूर्वेला उघडतो. त्याची कथा अशी की कासव पळून जाऊ नये म्हणून त्याचा तो पाय ओढून दूरच्या एका मनोऱ्याला दोरानं बांधला आहे.

दक्षिण दाराखालच्या फरशीवर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. खाली वाकून त्यात हात घालून पाहा. शतकानुशतकं मालानं भरलेल्या गाड्या इथून गेल्या, हे त्या दगडावरून जितकं कळतं तितकं कुठल्या फलकावरून कळत नाही.

पूर्ण फेरा मारायचा हट्ट नको. ऑक्टोबर २०२१च्या मुसळधार पावसात भिंतीचा सुमारे २५ मीटरांचा भाग ढासळला होता. दुरुस्त्या चालू असतात आणि काही टप्पे बंद असू शकतात. दक्षिण दाराकडून चढा, अर्धा-पाऊण तास चाला, छपरांकडे नीट पाहा. बाजूच्या खोल्यांची छपरं एकाच उताराची आणि तो उतार अंगणाकडे. पावसाचं पाणी आपल्याच अंगणात पडावं, दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये, अशी त्यामागची भावना. बाहेरची भिंत उंच राहिल्यानं चोरांपासून आणि मातीच्या वाऱ्यापासूनही बचाव होतो.

रस्ते आणि मधला मनोरा

खाली उतरून दक्षिण रस्त्यानं उत्तरेला चला. वाटेत रस्त्याच्या मधोमध बाजार मनोरा लागतो. उंची १८.५ मीटर, सध्याची बांधणी १६८८ची. खालून रस्ता जातो आणि वर रंगीत चकचकीत कौलं. बाजार भरायचा तो याच्या आसपास.

हा मनोरा आणि दक्षिण रस्ता म्हणजे गावाचा कणा. त्याच्या पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, हे जोडीजोडीनं ठरवलेलं आहे : पूर्वेला नगरदेवतेचं मंदिर, पश्चिमेला कचेरी, पूर्वेला कन्फ्यूशसचं, पश्चिमेला युद्धदेवतेचं, पूर्वेला ताओपंथी मठ, पश्चिमेला बौद्ध मंदिर होतं. एकदा ही जोडी लक्षात आली की नकाशा खिशात राहतो.

रिशेंगछांग पेढी : इथे घाई नको

पश्चिम रस्त्यावरची ही पेढी पाहायला दीड तास ठेवा. बाहेरून एका दुकानाएवढंच तोंड, आत एकामागे एक तीन अंगणं. गट दहा मिनिटांत फोटो काढून जातात. पण आपल्याकडे हुंडी माहीत असलेल्या माणसाला इथलं प्रत्येक दालन ओळखीचं वाटेल.

आधी इथे रंगांचा व्यापार होता, शीयूछंग नावाच्या दुकानाचा. त्याची बीजिंगला शाखा होती. बीजिंगमधल्या पिंग्यावकरांना घरी चांदी पाठवायची असायची, आणि वाटेत दरोड्याची भीती. म्हणून ते बीजिंगच्या दुकानात पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायचे, आणि घरच्यांनी पिंग्यावच्या दुकानातून ते उचलायचे. व्यवस्थापक लेइ ल्यूताइ यांना दिसलं की रंगांपेक्षा या चिठ्ठ्यांतच खरा धंदा आहे. मालक ली घराण्याच्या भांडवलावर १८२३ मध्ये निव्वळ रकमा पाठवण्याची पेढी उभी राहिली. तिच्या शाखा पुढे देशातल्या तिसाहून अधिक शहरांत पसरल्या. पाहताच द्यायच्या आणि मुदतीनंतर द्यायच्या अशा दोन्ही चिठ्ठ्या चालत, थेट आपल्या दर्शनी आणि मुदती हुंडीसारख्या.

पहिल्या अंगणात दोन्ही बाजूंना गल्ल्याच्या खोल्या आहेत, चांदी ठेवायची जागा जमिनीखाली. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदावर आहे. चिठ्ठी खोटी नाही हे शेकडो कोस दूरच्या मुनिमानं कसं ओळखायचं? खास कागद, ठरावीक हस्ताक्षर, शिक्के, आणि या सगळ्यावर एक सांकेतिक भाषा. वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा अक्षरं, आणि ती बारा अक्षरं मिळून एक वाक्य व्हायचं : खोट्या चिठ्ठीनं पैसे उचलले जाणार नाहीत याची काळजी घ्या, अक्षर आणि शिक्का नीट पाहायला विसरू नका. तारखांसाठी वेगळी ओळ, आकड्यांसाठी वेगळी. संकेत अधूनमधून बदलत. बारा अक्षरांच्या ओळीत महिने लपवायचे आणि त्यातच मुनिमाला रोजची ताकीदही द्यायची, ही युक्ती मला या अख्ख्या गावातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

पुढच्या दालनात भागीदारीची व्यवस्था समजावली आहे, तीही वाचा. मालकाचा हिस्सा चांदीचा, नोकरांचा हिस्सा कष्टाचा. वर्षानुवर्षं चांगलं काम केलेल्या मुनिमाला भांडवल न घालता नफ्यात वाटा मिळायचा. तो मेल्यावरही काही काळ घरच्यांना वाटा जायचा. बदल्यात नियम कडक : दूरच्या शाखेवर जाताना बायकामुलं न्यायची नाहीत, वर्षानुवर्षं घरी परतायचं नाही. या वाड्यांतल्या बायकांनी कोणत्या एकटेपणात ही अंगणं सांभाळली असतील, ते फलक सांगत नाहीत. मागच्या अंगणात थोडं बसलात तर तुमच्या मनात ते येईल.

नव्या पद्धतीच्या बँका आल्या, राजेशाही उलथवणाऱ्या १९११च्या क्रांतीत शाखा लुटल्या गेल्या, ठेवीदार एकदम दारात आले, आणि १९१४ मध्ये रिशेंगछांग बंद पडली. शेजारच्या रस्त्यांवर इतर पेढ्यांची आणि चांदी वाहून नेणाऱ्या सशस्त्र पथकांची संग्रहालयं आहेत. पथकांचं एक पाहा, मुलं सोबत असतील तर नक्कीच. दुसरी पेढी फक्त वेळ उरला तर.

कचेरी, नगरदेवता आणि कन्फ्यूशस

दुपारी कचेरी. जिल्हाधिकाऱ्याचं न्यायदालन, तुरुंग, दप्तरं आणि राहण्याची जागा असा मोठा परिसर आहे. त्यातली सर्वांत जुनी इमारत १३४६ची. दिवसातून ठरलेल्या वेळी जुन्या खटल्याचा प्रयोग होतो, वेळ दारावर लिहिलेली असते. भाषा न कळताही गमतीचा आहे.

तिथून पूर्वेकडे नगरदेवतेच्या मंदिरात जा. ही देवता म्हणजे अदृश्य जगातला जिल्हाधिकारी : कचेरीत जिवंतांचा न्याय, इथे मेलेल्यांचा. समोर देवासाठी नाटकाचा मंच आहे. मान वर करून निळ्या-हिरव्या चकचकीत कौलांची कारागिरी पाहा. कन्फ्यूशसच्या मंदिराचं मुख्य दालन ११६३चं. त्याचा लाकडी सांगाडा बाकीच्या गावाहून कितीतरी जुना आहे.

दुसरा दिवस : श्वांगलिन आणि झेनग्वो

सकाळी आठला टॅक्सी ठरवा, दोन्ही मंदिरांसाठी, थांबण्याच्या वेळेसकट भाव आधीच बोलून. पहिलं श्वांगलिन, गावाच्या नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटरांवर. बाहेरून किल्ल्यासारखी मातीची भिंत, आत दहा दालनं आणि दोन हजारांवर रंगीत मूर्ती. मंदिर मूळचं फार जुनं, ५७१ मध्ये पुन्हा बांधलं गेलं. आज दिसणाऱ्या मूर्ती मुख्यतः मिंग काळातल्या (चौदावं ते सतरावं शतक) आहेत. लाकडाचा सांगाडा, त्यावर गवत मिसळलेली माती, मग बारीक माती आणि रंग.

दालनात शिरल्यावर लगेच काही दिसत नाही. पुढे लाकडी गजांची जाळी, आत अंधार. पाच मिनिटं शांत उभे राहा, डोळे सरावू द्या. मग भिंती भरून मूर्ती पुढे येऊ लागतात. फ्लॅश वापरायचा नाही, त्यानं रंग जातात. अर्हतांच्या, म्हणजे ज्ञान मिळालेल्या बौद्ध संतांच्या, दालनात १८ जण आहेत, कुणी हाडकुळा, कुणी जाडा, कुणी संतापलेला. एक मुका अर्हत आहे, बोलता येत नाही म्हणून घुसमट चेहऱ्यावर साठलेली. कारागिरांनी संतांना रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे दिले.

सहस्रबुद्धांच्या दालनात वेइत्वोची मूर्ती आहे. वेइत्वो म्हणजे बौद्ध धर्माचा रक्षक, आणि त्याचं मूळ आपल्या स्कंदात. अंगावर चिलखत, कंबर एका बाजूला वळलेली, मान दुसऱ्या बाजूला, जणू आत्ता हाक ऐकून वळला. चीनमधली सर्वांत सुंदर वेइत्वो मूर्ती म्हणून तिची ख्याती आहे, आणि समोर उभं राहिलं की ती पटते. तिच्याजवळच पाय मोकळा सोडून बसलेली क्वानयिन. क्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर. मुंबईच्या कान्हेरीत ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तो पाहून इथे आलात, तर शेजारच्या दालनातली अनेक हातांची क्वानयिन परकी वाटणार नाही. पुरुषरूपातला बोधिसत्त्व चीनमध्ये येऊन हळूहळू करुणामयी देवी झाला, तो सगळा प्रवास या एका मूर्तीत दिसतो. पिंग्यावला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी हेच सांगेन : जाण्यापूर्वी एक सकाळ कान्हेरीला द्या.

श्वांगलिनला निदान दोन तास हवेत. मग ईशान्येला सुमारे १२ किलोमीटरांवर झेनग्वो. इथे फारसं कुणी येत नाही. मुख्य दालन ९६३चं, म्हणजे हजार वर्षांहून जुनं लाकूड. वेरूळचा कैलास त्याहून जुना, पण तो दगडात आहे. लाकडी इमारतीनं भूकंप, आग आणि युद्धं चुकवत इतकं जगणं फार दुर्मीळ. दालन लहानसं आहे, पण छपराखाली एकावर एक रचलेले लाकडी हात बाहेर झेपावतात आणि प्रचंड छप्पर पेलतात. कोपऱ्यात उभं राहून वर पाहा. भार खांबापर्यंत कसा उतरतो ते डोळ्यांनी शोधत जा. आतल्या अकरा मूर्ती त्याच काळातल्या, गोल चेहऱ्यांच्या आणि भरलेल्या अंगाच्या. पाच राजवंशांच्या काळातल्या, म्हणजे दहाव्या शतकातल्या, मातीच्या मूर्ती मंदिरात जागेवर टिकणं चीनमध्येही विरळा आहे.

जेवण

शान्शी हा शेवयांचा आणि व्हिनेगरचा प्रांत. कणकेच्या गोळ्यावरून सुरीनं उकळत्या पाण्यात पट्ट्या तासून काढतात, त्या जाडसर शेवया. ओटच्या पिठाच्या पातळ नळ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या उभ्या रचून वाफवतात, त्या सॉसमध्ये बुडवून खायच्या. वाटीत वाफवून थंड केलेल्या पिठाच्या वड्या कापून लसूण-व्हिनेगर घालून देतात, त्या पिंग्यावच्या खास. काळसर, मुरलेलं व्हिनेगर प्रत्येक टेबलावर असतं, सढळ हातानं घ्या.

गावाची प्रसिद्धी मात्र खारवून शिजवलेल्या गोमांसासाठी आहे आणि ते खूप पदार्थांत येतं. शाकाहारी असाल तर फक्त 'मांस नको' म्हणून भागत नाही. रस्सा हाडांचा असू शकतो आणि भाजीवर खिमा भुरभुरलेला असतो. फोनवर चिनीत स्पष्ट वाक्य तयार ठेवा : मी मांस, मासे, मांसाचा रस्सा आणि प्राण्यांची चरबी खात नाही, अंडं चालतं किंवा चालत नाही. बटाट्याच्या पट्ट्या, टोमॅटो-अंडं, वांगं, टोफू आणि कोनफळासारखा लांब कंद सगळीकडे मिळतात. जैन जेवण इथे जवळजवळ अशक्य आहे, सोबत खाखरे-चटण्या असू द्या.

काय विकत घ्यावं

दक्षिण रस्त्यावरचा बहुतेक माल चीनमध्ये कुठेही मिळतो. पिंग्यावची स्वतःची वस्तू म्हणजे लाखेचं काम : पेट्या, आरसे, कपाटं. लाकडावर लाखेचे थरांवर थर चढवतात आणि शेवटची चकाकी कारागीर तळहातानं घासून आणतो. २००६ मध्ये चीननं या कलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतलं. स्वस्त पेट्यांवर छापील चित्र आणि फवारलेला रंग असतो. खरी पेटी तिरपी धरली की खोल, पाण्यासारखी चमक दिसते आणि चित्राच्या कडा बोटाला जाणवतात. जिथे मागे काम चाललेलं दिसतं, अशा दुकानातून घ्या.

हातात आणखी एक दिवस असेल तर

व्यापाऱ्यांचे वाडे पाहा. दोन प्रसिद्ध आहेत. चियाओ घराण्याचा वाडा ईशान्येला ताइयुआनच्या वाटेवर, बांधायला सुरुवात १७५६ मध्ये. तो आटोपशीर आहे आणि गर्दीचा. वांग घराण्याचा वाडा नैर्ऋत्येला सुमारे ३५ किलोमीटरांवर, टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला. त्याच्या खुल्या भागात १२३ अंगणं आणि हजारावर खोल्या आहेत. विटा, लाकूड आणि दगड यांतलं कोरीव काम तिथलं जास्त चांगलं. एकच निवडायचा तर मी वांग घराण्याचा निवडेन. गुडघे दुखत असतील किंवा संध्याकाळी ताइयुआनची गाडी असेल तर चियाओ सोयीचा पडतो. टॅक्सीवाल्याला सकाळीच सामान गाडीत ठेवू देण्याबद्दल विचारा, म्हणजे वाडा पाहून पुन्हा गावात परतावं लागणार नाही.